अभियांत्रिकीच्या अध्यापकांना कोण शिकविणार?

उरणच्या द्रोणागिरी डोंगराभोवतीचा परिसर हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक उघडे पाठ्यपुस्तकच आहे. मुंबई हायचे तेल आणि वायू जेथे किनाऱ्याला लागतात तो ओएनजीसीचा प्रकल्प येथे आहे. त्या वायूवर चालणारे ६७२ मेगावॅट क्षमतेचे वीजकेंद्र येथे आहे. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा शेवा बंदर हाकेच्या अंतरावर आहे. शिवडीहून निघणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू याच तालुक्यात चिर्ले येथे जमिनीवर उतरतो. १२ जानेवारी २०२४ रोजी त्या सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी खारकोपर ते उरण हा लोहमार्गही खुला झाला. यंत्र, विद्युत, स्थापत्य, रसायन यांपैकी कोणतीही शाखा घ्या, तिचे उदाहरण येथे शोधावे लागत नाही.

या उदाहरणांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची मुले आज पनवेल, नेरुळ, कामोठे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत जातात. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथे जो लढा झाला, त्यात गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचे प्राण घेतले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाच्या योजनेचे मूळ त्या लढ्यात आहे. मिठागर आणि भातशेती गेल्यावर हाती आलेल्या पैशातून कित्येक घरांनी मुलांच्या शिक्षणाचे शुल्क भरले. शेतीचे भांडवल अशा रीतीने शिक्षणाच्या भांडवलात रूपांतरित झाले. त्या भांडवलावर परतावा काय मिळतो, हे बहुतांशी वर्गात उभा असलेला अध्यापक कसे शिकवितो यावर ठरते. आणि नेमका तोच भाग आपल्या तंत्रशिक्षणात सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे.

प्राथमिक शाळेत अ, आ, ई शिकवावयाचे झाले तरी शिक्षकाला पदविका लागते. माध्यमिक शाळेसाठी बी.एड. लागते. परंतु साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला ऊष्मागतिकी शिकविणाऱ्याला अध्यापनाचा एक दिवसाचाही अनुभव असावा लागत नाही. जूनमध्ये पदव्युत्तर परीक्षा संपविलेला तरुण ऑगस्टमध्ये फळ्यापुढे उभा राहतो, आणि त्याला त्याच्या गुरूंनी जसे शिकविले तसे तो शिकवितो. गुरू चांगले असले तर ठीक. नव्या प्राध्यापकांना अध्यापनाची ओळख करून द्यावी, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सांगितले होते.

सरकारने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तांत्रिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी साठच्या दशकात चार प्रादेशिक संस्था निघाल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला भोपाळची आली. १९७० मध्ये गुणवत्ता सुधार कार्यक्रम सुरू झाला. २००३ पासून २०२१ पर्यंत जागतिक बँकेच्या साहाय्याने तंत्रशिक्षण सुधारणेचे तीन टप्पे पार पडले. पवईच्या आयआयटीने प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने एकाच वेळी हजारो अध्यापकांना दूरस्थ पद्धतीने शिकविण्याचा धाडसी प्रयोग केला. अलीकडे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नव्या अध्यापकांसाठी आठ घटकांचा अभ्यासक्रम ‘स्वयम्’वर ठेवला आहे.

एवढे करूनही वर्गातील चित्र फारसे पालटले नाही. त्याचे एक कारण असे की, यांतील मोठा खर्च अध्यापकांना एम.टेक. आणि पीएच.डी. मिळवून देण्यावर आणि प्रयोगशाळांच्या सामग्रीवर झाला. विषयाचे ज्ञान वाढले. ते पोहोचविण्याची कला तेथेच राहिली. संजीवनी ओळखता आली नाही म्हणून मारुतीने अख्खा द्रोणागिरी उचलला आणि त्याचा एक तुकडा उरणला पडला, अशी येथे आख्यायिका आहे. आपल्या योजनाही डोंगरच उचलीत आल्या आहेत. फरक इतकाच की, मारुतीच्या डोंगरात संजीवनी होती.

दुसरे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन ओळखू येईल. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मानवी भांडवलाची मांडणी करताना दाखवून दिले की, जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते, त्याच्या प्रशिक्षणावर मालक खर्च करीत नाही. कारण शिकलेला माणूस उद्या शेजाऱ्याकडे जातो. उत्तम शिकविणे हे असे कौशल्य आहे. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि संस्थांची संख्या झपाट्याने वाढली. अशा संस्थेत अध्यापक वर्षभराच्या नेमणुकीवर असेल, तर त्याच्यावर पैसा घालविण्यात चालकांना स्वारस्य कसे असणार? २०१८-१९ पासून परिषदेने शिक्षक-विद्यार्थी प्रमाण एकास पंधरावरून एकास वीस केले. त्यामुळे शिकविण्याचा भार वाढला आणि शिकण्याची सवड आणखी आटली.

अध्यापकाच्या बाजूनेही गणित तसेच आहे. बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात, प्रशिक्षणवर्गांची प्रमाणपत्रे मोजली जातात. वर्गात मुलांना काय समजले हे कोणी मोजीत नाही. जे मोजले जाते ते मुबलक पिकते, हा बाजाराचा नियम येथेही लागू पडतो. पाच दिवसांच्या वर्गांचा सुकाळ झाला तो त्यामुळेच. पाचव्या दिवशी प्रमाणपत्र आणि छायाचित्र. सहाव्या दिवशी पुन्हा त्याच पिवळ्या पडलेल्या टिपणवह्या.

वास्तविक काय केल्याने फरक पडतो, हे आता पुरेसे स्पष्ट आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकविणारे एरिक माझुर यांच्या ध्यानात आले की, आपले विद्यार्थी अवघड गणिते सोडवितात, पण साध्या संकल्पनेवरचा प्रश्न विचारला की गोंधळतात. त्यांनी व्याख्यान मधूनच थांबवून प्रश्न टाकण्यास आणि शेजाऱ्याशी वाद घालावयास लावण्यास सुरुवात केली. विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या अध्यापनावरील २२५ अभ्यासांचा एकत्र विचार अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ व्याख्याने ऐकणाऱ्यांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना सक्रिय ठेवणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. या पद्धतीला महागडी उपकरणे लागत नाहीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला शेजाऱ्याशी मराठीत वाद घालण्याची मुभा मिळते, हा तिचा आपल्याकडील जादा लाभ. जो प्रश्न इंग्रजीत उभे राहून विचारण्याचे धैर्य होत नाही, तो बाकावर बसून सहज विचारला जातो.

असे शिकविणे मात्र ध्वनिचित्रफीत पाहून येत नाही. कोणी तरी जाणत्याने आपल्या वर्गात मागे बसावे, तास संपल्यावर चूक दाखवावी आणि महिन्याने पुन्हा येऊन बसावे, असा तो उद्योग आहे. एकट्या महाविद्यालयाला तो परवडणार नाही. बेकर यांच्या युक्तिवादातूनच उपाय निघतो: खर्च सर्वांनी मिळून उचलला, तर माणूस शेजारच्या संस्थेत गेला तरी कोणाचे नुकसान नाही. नवी मुंबई, पनवेल, उरण येथील महाविद्यालयांनी प्रति विद्यार्थी अल्पशी वर्गणी काढून एक समाईक केंद्र चालवावे. राज्यातील शुल्क नियामक प्राधिकरण महाविद्यालयाचा खर्च तपासूनच शुल्क ठरविते. ही वर्गणी मान्य खर्चात धरावयाची आणि प्रमाणपत्रांवरचा खर्च धरावयाचा नाही, एवढे त्याने ठरविले तरी चालकांचे लक्ष वळेल.

विद्यापीठाची प्रश्नपत्रिका पाठांतराला गुण देत राहील तोवर हे सारे व्यर्थ, असा आक्षेप येईल आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. परंतु स्वायत्त महाविद्यालये आपली प्रश्नपत्रिका स्वतः काढतात. आरंभ त्यांना करता येईल. निदान पहिल्या वर्षाच्या अध्यापकांना सुटीतील दोन आठवडे बंदरात, वीजकेंद्रात काढावयास लावावेत आणि परतल्यावर तेथे पाहिलेल्या एका यंत्रावर एक तास सहकाऱ्यांसमोर घ्यावयास सांगावे. त्यासाठी वेगळ्या बसचीही गरज नाही. नेरुळहून उरणला जाणारी लोकल न्हावा शेवा आणि द्रोणागिरी या दोन्ही स्थानकांवर थांबते.