टोल : शुल्क की कर?

टोल ही उदारीकरणानंतरची गोष्ट आहे, असा समज सुशिक्षितांमध्येही आढळतो. इतिहास वेगळे सांगतो. कंपनी सरकारने १८५१ मध्येच टोलचा कायदा करून सरकारी खर्चाने बांधलेल्या वा दुरुस्त केलेल्या रस्त्यांवर वसुलीचा अधिकार घेतला होता. पुढे १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रस्तेविकास समितीने दुसरी वाट दाखवली : पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो रस्त्यांसाठीच राखून ठेवावा. १९२९ चा केंद्रीय रस्ते निधी हे त्याच शिफारशीचे फलित.

स्वतंत्र भारताने अखेरीस दोन्ही वाटा एकदम धरल्या. वाजपेयी सरकारच्या काळात ५,८४६ किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोन हाती घेण्यात आला. त्यासाठी इंधनावर अधिभार लावला गेला आणि तयार झालेल्या मार्गांवर टोलही आला. नागरिकांनी दोन्ही भार सोसले, कारण रस्ता डोळ्यांसमोर उभा राहत होता. आज राष्ट्रीय महामार्गांची लांबी सुमारे १ लाख ४६ हजार किलोमीटर आहे. हे यश नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

प्रश्न आहे तो या व्यवहारातील अलिखित कराराचा. २००८ च्या शुल्क नियमांनुसार प्रकल्पाचा भांडवली खर्च वसूल झाल्यावर टोलचा दर ४० टक्क्यांवर आणणे अपेक्षित होते. २०२३ मधील दुरुस्तीने ही सवलत गेली. खर्च वसूल झाला तरी पूर्ण दराने, तोही दरवर्षी वाढवून, वसुली चालू ठेवता येते.

यामागचा युक्तिवाद मला अपरिचित नाही. वर्दळीच्या जुन्या मार्गांवरील उत्पन्नातून, जिथे टोल परवडणारच नाही अशा डोंगराळ व सीमावर्ती भागांत रस्ते बांधावेत, हा विचार देशहिताचाच आहे. सेवेत असताना अशा आशयाच्या टिपण्या मीही फायलींवर लिहिल्या आहेत. अर्थसंकल्पातून तरतूद मिळवण्यापेक्षा नियमातील एखादे वाक्य बदलणे किती सोपे असते, हे प्रशासनात वावरलेल्या कोणालाही ठाऊक असते. म्हणूनच तो मोह मी ओळखतो. एका रस्त्याचे पैसे दुसऱ्या रस्त्यासाठी, आणि तेही कायमचे, घेतले जाऊ लागले की ते शुल्क राहत नाही. तो कर होतो. आणि कर लावायचा तर त्याची चर्चा संसदेत व्हावी लागते. अधिसूचना पुरेशी नसते.

शुल्काच्या बदल्यात सेवा मिळाली पाहिजे, हे तत्त्व न्यायालयांनी नुकतेच अधोरेखित केले. केरळमधील एडप्पल्ली–मण्णुत्ती मार्गाच्या दुरवस्थेमुळे तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये पालियेक्कारा नाक्यावरील वसुली थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ऑक्टोबरमध्ये वसुली पुन्हा सुरू झाली, हा भाग वेगळा. पण नागरिकांना उच्च न्यायालय गाठावे लागले, ही व्यवस्थेसाठी भूषणाची बाब नव्हे. ऑगस्ट महिन्यातच संसदेच्या लोकलेखा समितीनेही अंतहीन टोलवसुलीवर बोट ठेवले आणि दरनिश्चितीसाठी स्वतंत्र नियामक असावा, असे सुचवले.

ही सूचना स्वीकारण्यास विलंब नको. नियामकाकडे दर ठरवण्याबरोबरच, रस्ता ठरावीक दर्जाखाली गेला तर टोल आपोआप कमी करण्याचा अधिकारही असावा. प्रत्येक नाक्यावर तीन आकडे ठळकपणे लावावेत : खर्च किती झाला, वसुली किती झाली आणि उरले किती. यातील बरीच माहिती संकेतस्थळावर असते, पण पैसे भरणाऱ्याच्या नजरेसमोर नसते. फास्टॅगमुळे तर पैसे कधी गेले हेही अनेकांना नंतरच कळते.

खर्च वसूल झाल्यानंतरही पैसे हवे असतील, तर सरकारने तसे उघडपणे सांगावे व संसदेची संमती घ्यावी. रस्ते देशाला हवेतच आणि त्यांची किंमत मोजायला नागरिक तयार आहेत, हे गेल्या पाव शतकाने सिद्ध केले आहे. त्या विश्वासाचा हिशेब देणे एवढेच आता सरकारकडून बाकी आहे.