चिचुंद्री उंदीर नव्हे

अर्धापूरच्या केळीपट्ट्यात न्हाणीच्या मोरीतून चिचुंद्री निघाली की "आंधळा उंदीर आला" म्हणतात आणि रात्री कणकेच्या गोळ्यांत औषध कालवून कोपऱ्यात ठेवतात. माझं म्हणणं सरळ आहे: ती उंदीर नाही, आंधळी नाही, आणि तिला मारून आपण आपल्याच घरातली झुरळं पोसतो.

ती किडे खाते म्हणून उंदीर नव्हे, असं काही जण सांगतात. हे कारण मला पटत नाही. शिकारी उंदीरही आहेत. अमेरिकेच्या वाळवंटातला एक उंदीर विंचू मारून खातो. विंचवाच्या विषानेच त्या उंदराची वेदना दबते, हे २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलं. खरा पुरावा दातांत आहे. उंदराला पुढे छिन्नीसारखे दात, मग मोकळी जागा, मग दाढा. चिचुंद्रीचा जबडा अणकुचीदार दातांनी भरलेला असतो; ज्वारीचं पोतं कुरतडणं त्या दातांचं कामच नाही. वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने १७६६ मध्ये तिला 'उंदरासारखी' असं विशेषण दिलं खरं, पण बसवलं चिचुंद्रींच्याच कुळात.

आता आंधळेपण. तिचे डोळे बारीक आणि दृष्टी अधू, हे मान्य. ती भिंतीला घासून पळते, तेही भिंत मिशांनी चाचपत. पावसाळ्यात एका रात्री मी न्हाणीत बॅटरी धरून बसलो होतो. ती माझ्या पायापासून वीतभर अंतरावर आली, उजेडाची तिने फिकीर केली नाही. निमुळतं नाक सारखं थरथरत होतं, डावीकडे, उजवीकडे, वर. विटेआड झुरळ निश्चल बसलं होतं. ती ओलांडून गेली. मग मिशीचं टोक झुरळाच्या पंखाला लागलं, आणि मान वळलेली मला दिसायच्या आत ते तोंडात होतं. सकाळी फरशीवर दोन पंख उरले होते.

तिच्याच जातकुळीतली, जेमतेम दोन ग्रॅमची एट्रुस्कन चिचुंद्री अंधारात मिशांच्या स्पर्शावरच रातकिडा पकडते, असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. रातकिड्याच्या आकाराच्या प्लास्टिकच्या तुकड्यावरही ती झडप घालत होती. एवढी बारीक जाण असलेल्या प्राण्याला आंधळं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिच्या अंगाला उग्र वास येतो, हे खरं. प्लेगची पिसूही तिच्या अंगावर सापडते, आणि उघड्या अन्नाला ती तोंड लावते. म्हणून अन्न झाकावं, तिला हाताने धरू नये. पण विष कशाला? खाणारा कोण, हे विषाची गोळी विचारत नाही. पिंजऱ्यात निदान कोण सापडलं ते दिसतं. मात्र पिंजरा संध्याकाळी लावला तर रात्रीच एकदोनदा पाहायचा, कारण तिला वारंवार खावं लागतं, कोंडून राहिली तर सकाळपर्यंत उपाशी मरू शकते. आत लांब, हलतं नाक दिसलं की पिंजरा धुऱ्यावर न्यायचा आणि दार उघडायचं.