‘फायनल फँटसी २’ : उत्तरकालीन साक्षीवर उभा राहिलेला खटला

धागा.

‘फायनल फँटसी’ या जपानी खेळमालिकेतला सर्वांत वाईट भाग कोणता, असा प्रश्न खेळाडूंच्या कोणत्याही मंडळीत टाकून पाहावा. उत्तराला वेळ लागत नाही: दुसरा. कारणही ठरलेले असते. ‘त्यात ताकद वाढवायला आपल्याच सोबत्यांना बडवत बसावे लागते.’ हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने उच्चारले जाते की ते बोलणाऱ्याने कोणत्या सालची, कोणत्या यंत्रावरची, कोणत्या भाषेतली आवृत्ती खेळली होती, हे विचारणेच असभ्य वाटावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र हा असभ्यपणा करायलाच हवा.

आधी निर्विवाद गोष्टी. स्क्वेअर या कंपनीने ‘फायनल फँटसी’चा पहिला भाग जपानमध्ये डिसेंबर १९८७ मध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी काढला. बरोबर एका वर्षाने, १७ डिसेंबर १९८८ रोजी, दुसरा आला. दिग्दर्शन हिरोनोबू साकागुची यांचे, खेळाच्या नियमांची रचना मुख्यतः आकितोशी कावाझू यांची, संगीत नोबुओ उएमात्सू यांचे, चित्रे योशिताका आमानो यांची. प्रोग्रॅमिंग इराणी-अमेरिकी नासिर गेबेली यांचे.

कावाझूंनी पहिल्या भागाचा कणाच काढून टाकला. शत्रू मारावेत, अनुभवाचे गुण मिळवावेत आणि ठरावीक गुण साठले की सगळ्या शक्ती एकदम एक पायरी वर जाव्यात, ही रीत त्यांनी रद्द केली. नव्या खेळात जे वापरावे ते वाढते. तलवार चालवणाऱ्याचा तलवारीतला हात बसतो, मंत्र म्हणणाऱ्याचा तो विशिष्ट मंत्र बळावतो. शस्त्राचे आणि मंत्राचे कौशल्य १ पासून १६ पर्यंत चढते. लढाईत घाव सोसणाऱ्याची जीवनशक्ती वाढते. मूळ आवृत्तीत तर एक गुण वाढताना दुसरा घटूही शकत असे. बाहुबळ कमावणाऱ्याची बुद्धी गंजण्याची शक्यता राही. तालमीत घाम गाळणाऱ्या कोणालाही ही कल्पना परकी वाटू नये. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ या कागद-फाशांच्या खेळातही कौशल्य वापराने वाढत असे. म्हणजे हा विक्षिप्तपणा आकाशातून पडलेला नव्हता.

आता पहिला आक्षेप: दुसऱ्या भागाने मालिकेच्या परंपरेशी द्रोह केला.

कोणत्या परंपरेशी? डिसेंबर १९८८ मध्ये ‘फायनल फँटसी’ची परंपरा म्हणजे एक वर्षाचा एकुलता एक खेळ. परंपरा होती ती ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची. तिचा तिसरा भाग त्याच वर्षी फेब्रुवारीत आला होता आणि जपानभर दुकानांबाहेर रांगा लागल्या होत्या. त्या प्रचंड यशाच्या सावलीत स्क्वेअरपुढे दोन वाटा होत्या: तीच रीत थोडी चकचकीत करून विकायची, किंवा वेगळे काही करायचे. त्यांनी दुसरी निवडली. पुढे डझनभर भाग आल्यावर जी ‘परंपरा’ तयार झाली, तिच्या मोजपट्टीने मागे वळून दुसऱ्या अपत्याला उनाड ठरवणे हा शुद्ध कालविपर्यास आहे. शहाजीराजांनी आदिलशाहीची चाकरी का केली, म्हणून आज त्यांना जाब विचारणारे लोक याच शाळेतले.

समकालीन साक्ष काय सांगते? जपानमध्ये पहिला भाग पाच लाखांच्या घरात खपला होता. दुसऱ्याने साडेसात लाखांचा टप्पा गाठला. त्या वेळच्या फॅमिकॉम त्सूशिन या नियतकालिकाने त्याला ४० पैकी ३५ गुण दिले. खप म्हणजे गुणवत्ता नव्हे आणि गुणपत्रिका म्हणजे निवाडा नव्हे, हे मान्यच आहे. परंतु ‘हा खेळ जन्मतःच नाकारला गेला’ ही जी कथा प्रचलित आहे, तिला या साधनांत आधार सापडत नाही.

मग ती कथा आली कुठून? इथे प्रकरण खरोखर रंजक होते.

पहिला भाग अमेरिकेत १९९० मध्ये पोहोचला. दुसऱ्याच्या इंग्रजी अनुवादाचे कामही सुरू झाले होते. पण फॅमिकॉमची पिढी संपत आली होती, नवे सुपर यंत्र १९९१ मध्ये अमेरिकी बाजारात उतरले आणि जुन्या यंत्रावरचा हा अनुवाद गुंडाळून ठेवण्यात आला. त्याऐवजी जपानमधला चौथा भाग तिकडे गेला, आणि तो विकला गेला ‘फायनल फँटसी २’ या नावाने. १९९४ मध्ये सहावा भाग ‘३’ म्हणून गेला. १९९७ मध्ये सातवा भाग ‘७’ म्हणूनच आला, तेव्हा मधले आकडे कुठे गेले म्हणून कित्येकांनी डोके खाजवले असेल.

परिणामी अमेरिकेतील एका अख्ख्या पिढीच्या मनात ‘फायनल फँटसी २’ म्हणजे सेसिल नावाच्या काळ्या सरदाराच्या प्रायश्चित्ताची कहाणी. तिथल्या जुन्या लिखाणात कोणी ‘दुसरा भाग अप्रतिम’ असे म्हटले असेल, तर तो नेमके कोणत्या खेळाविषयी बोलतो आहे हे आधी तपासावे लागते. तोतया सदाशिवरावभाऊंच्या प्रकरणाची आठवण यावी, असाच हा घोळ. फरक इतकाच की इथे तोतया खऱ्याहून अधिक लोकप्रिय निघाला.

खरा दुसरा भाग अधिकृत इंग्रजीत आला तो २००३ मध्ये, प्लेस्टेशनवर, पहिल्या भागासोबत एकाच संचात. जपानमधल्या प्रकाशनानंतर चौदा वर्षांनी. त्याआधी हौशी मंडळींनी केलेले अनुवाद एम्युलेटरवर फिरत होते, पण ते ठरावीक वर्तुळापुरते. म्हणजे इंग्रजी वाचकाने हा खेळ सातवा, आठवा, नववा, अगदी दहावाही खेळून झाल्यावर हाती घेतला. आवाज, चलच्चित्रे आणि सफाईदार त्रिमिती जग यांची सवय झालेल्या माणसापुढे १९८८ चा सांगाडा ठेवला, तर तो नाक मुरडणारच. त्याच्या नाक मुरडण्याला १९८८ चा इतिहास म्हणायचे का, एवढाच प्रश्न आहे.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. समकालीन पत्र एक सांगते आणि शंभर वर्षांनी रचलेली बखर दुसरे, तेव्हा राजवाड्यांनी कौल कोणाला दिला हे सर्वांना ठाऊक आहे. बखर खोटीच असते असे नाही. ती तिच्या स्वतःच्या काळाविषयी उत्तम साक्ष देते. २००३ नंतरची निंदादेखील २००३ च्या अभिरुचीविषयी अमूल्य माहिती देते.

आता त्या प्रसिद्ध आरोपाकडे वळू: सोबत्यांना बडवण्याचा.

ही युक्ती चालते, हे नाकारण्यात अर्थ नाही. घाव सोसल्याने जीवनशक्ती वाढत असेल, तर दुबळ्या शत्रूला जिवंत ठेवून आपल्याच माणसांवर तलवार चालवली की आकडे चढतात. पण ‘चालते’ आणि ‘करावेच लागते’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. किंबहुना, ही युक्ती खेळाच्या गणिताचा चुकीचा अर्थ लावण्यातून आलेली आहे. या खेळात माणूस वाचतो तो मुख्यतः घाव चुकवून. चुकवण्याचे कौशल्य हलक्या पोशाखाने आणि ढालीच्या सरावाने वाढते. जड चिलखत ते मारून टाकते. शिवाय उत्तरार्धातले कित्येक शत्रू रक्त शोषणारा घाव घालतात. तो घाव ठरावीक आकड्याने बसत नाही, तर एकूण जीवनशक्तीच्या सोळाव्या हिश्शाने बसतो. शंभर असोत वा पाच हजार, हिस्सा तोच. म्हणजे मित्रांना तासन्‌तास बडवून, वर लोखंडात मढवून शेवटच्या किल्ल्यावर चालून गेलेला खेळाडू हरतो, आणि हरल्यावर ‘अजून बडवायला हवे होते’ असा निष्कर्ष काढतो. उलट ‘ब्लड सोर्ड’ ही तलवार हेच सोळाव्या हिश्शाचे गणित शत्रूवर उलटवते आणि अंतिम सम्राटाला काही फेऱ्यांत लोळवते. ज्यांना नियम कळले त्यांच्यासाठी हा खेळ अवघड नाही, जवळजवळ फाजील सोपा आहे.

त्यावर कडी म्हणजे २००४ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवर आलेल्या आवृत्तीपासून जीवनशक्ती काही लढायांनंतर आपोआप वाढू लागली आणि गुण घटण्याची शिक्षाही गेली. आज जो तरुण मोबाइलवर किंवा संगणकावर हा खेळ उघडतो, त्याच्या आवृत्तीत सोबत्यांना मारण्याचे प्रयोजनच उरलेले नाही. तरीही तो तीच तक्रार करतो. ही तक्रार त्याने खेळातून घेतलेली नाही. ती त्याला वारशाने मिळाली आहे.

प्रतिपक्षाकडे एक मुद्दा वजनदार आहे, तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्क्वेअरनेच १९९० च्या तिसऱ्या भागात ही रीत सोडली आणि अनुभवाचे गुण परत आणले. निर्मात्यांनीच टाकलेल्या गोष्टीची वकिली का करावी?

कारण ती टाकली गेली नाही, वेगळ्या घरात नांदायला गेली. कावाझूंनी डिसेंबर १९८९ मध्ये गेम बॉयसाठी ‘साग’ मालिका सुरू केली, आणि वापरातून वाढण्याची कल्पना तिथे वाढवली. तिचा पहिला खेळ दहा लाखांवर खपला. पश्चिमेत त्यावर ‘फायनल फँटसी’चेच नाव चिकटवून तो विकला गेला, हा आणखी एक तोतया. ‘साग’ मालिका आजही चालू आहे. आणि १९९६ च्या ‘डॅगरफॉल’पासून २०११ च्या ‘स्कायरिम’पर्यंत ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेत चालवाल ते शस्त्र वाढते, म्हणाल तो मंत्र वाढतो. भिंतीकडे तोंड करून तासभर मंत्र म्हणत कौशल्य चढवणारे लोक तिथेही आहेत. त्यांना कोणी हसत नाही. उलट त्या खेळाचे स्वातंत्र्य वाखाणले जाते. एका ठिकाणी जो वेडेपणा, तो दुसऱ्या ठिकाणी स्वातंत्र्य कसा होतो, याचे उत्तर निंदकांनी द्यावे. कावाझूंकडून तिकडे थेट काही गेले असा दावा इथे नाही. दावा फक्त मोजपट्टी एकच असावी एवढाच आहे.

नियमांच्या या भांडणात कथा झाकली जाते, हे त्याहून मोठे नुकसान. हा खेळ पराभवाने सुरू होतो. फिन राज्य पालामेसियाच्या सम्राटाने जिंकले आहे, फिरियन आणि त्याचे अनाथ सोबती पळत आहेत, आणि पहिल्याच लढाईत काळे स्वार त्यांना लोळवतात. ती लढाई जिंकताच येत नाही. पुढे बंडखोरांशी बोलताना खेळाडूने ऐकलेले महत्त्वाचे शब्द लक्षात ठेवायचे आणि योग्य माणसापुढे उच्चारायचे. पहिला शब्द ‘रानगुलाब’, बंडाचा परवलीचा शब्द. चमूतली चौथी जागा कायम बदलती राहते. योसेफ बर्फाच्या गुहेत कोसळणारा धोंडा अंगावर झेलून इतरांना वाट करून देतो. मिन्वू ‘अल्टिमा’ मंत्राचे बंद दार उघडताना प्राण सोडतो. रिचर्ड नावाचा ड्रॅगून, या मालिकेतला पहिला, तोही उरत नाही. सम्राटाचे वादळ येऊन जाते आणि ज्या गावांत खेळाडू मुक्काम करीत होता ती नकाशावरून पुसली जातात. चोकोबो हा पक्षी आणि सिड नावाचा विमानवाला हे पुढे मालिकेची ओळख ठरले. दोघेही इथे पहिल्यांदा दिसले.

चौथ्या जागेवरच्या माणसावर घेतलेली मेहनत तो गेल्यावर वाया जाते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी आहे. युद्धातही ती तशीच वाया जाते.

म्हणून खेळ निर्दोष आहे असे मुळीच नाही. नियम उत्तम असले तरी चुकवण्याच्या कौशल्याचे महत्त्व पडद्यावर कुठे समजावलेले नाही, आणि जो नियम सांगितला जात नाही तो मोडल्याची शिक्षा देणे अन्यायाचेच. मूळ आवृत्तीत आज्ञा देऊन ती रद्द केली तरी सराव मोजला जातो, ही उघड चूक होती. मिन्वूने ज्याच्यासाठी जीव दिला तो ‘अल्टिमा’ मंत्र फॅमिकॉमवर इतका दुबळा निघाला की त्या बलिदानाची थट्टा व्हावी. आणि ती दारे! प्रत्येक भुयारात एकसारख्या दारांची रांग. त्यांतली बहुतेक रिकाम्या खोल्यांत उघडतात. खोलीत शिरले की खेळाडू उंबऱ्यावर न उभा राहता थेट मध्यभागी टाकला जातो, आणि दारापर्यंतच्या त्या चार पावलांत शत्रू पुनःपुन्हा गाठतात. आत काहीच नसते. या खेळावर रागवायचेच असेल तर त्या रिकाम्या खोल्यांवर रागवावे. १९८८ मध्ये ओसाकात बसून खेळणारा मुलगाही त्यांच्यावर असाच चिडला असणार.