खेळाला माणूस हवा

आमच्या धारणीत खेळाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, "इथे चांगले मैदान नाही, साहित्य नाही. मग मुले खेळणार कशी?" ही तक्रार खोटी नाही. धारणी हे अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या डोंगरात वसलेले गाव आहे. अमरावती शहर येथून दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि वाट मेळघाटच्या घाटातून जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी एक सामना खेळायचा, तर पहाटेच निघावे लागते. तरीही माझे मत असे आहे, की खेळाला सर्वांत आधी मैदान लागत नाही, माणूस लागतो.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण पाहा. 1914 साली अमरावतीत अंबादासपंत वैद्य आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी तरुणांना व्यायामासाठी एकत्र आणले. त्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. 1936 साली बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन कबड्डी व इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. वऱ्हाडातील एका आखाड्याचे खेळाडू सातासमुद्रापार पोहोचले! आज मंडळाच्या मोठ्या इमारती आहेत. पण इमारती मागून आल्या, माणसे आधी आली.

दुसरे उदाहरण नागपूरचे. विजय बारसे हे तेथील हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. 2001 साली झोपडपट्टीतील काही मुले भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळत असलेली त्यांनी पाहिली. त्यांनी त्या मुलांच्या हाती फुटबॉल दिला, पुढे झोपडपट्टीतील संघांचे सामने भरवले. 'झुंड' हा 2022 सालचा चित्रपट त्यांच्याच कार्यावर आधारलेला आहे. महाविद्यालयातील नोकरीत हे काम बसत नव्हते. ते त्यांनी आपणहून अंगावर घेतले.

असे काम करणाऱ्याला मराठीत 'स्वयंसेवक' म्हणतात. स्वयं म्हणजे स्वतः, आणि सेवा म्हणजे आपल्या उर्दूतील खिदमत. जो कोणाच्या हुकमाची वाट न पाहता सेवा करतो, तो स्वयंसेवक. मैदानावर त्याचे काम काय? शिट्टी वाजवणे हे तर सर्वांत सोपे काम. रोज ठरल्या वेळी हजर राहणे, मैदानातले खडे वेचणे, फक्कीने रेषा आखणे, आणि भांडण झाले तर दोन्ही बाजू ऐकून घेणे, हे खरे काम. कबड्डीच्या संघात बारा जण असतात. त्यांतले सात मैदानात उतरतात. सरावाला तीस मुले आली, तर अठरा मुलांची नावे यादीत येत नाहीत. चांगला नेता बारा जणांना जिंकायला शिकवतो आणि उरलेल्या अठरा जणांना उद्याही यावेसे वाटेल, अशी व्यवस्था करतो.

आपल्या भागात हे काम अधिक कठीण आहे. मेळघाटातील अनेक कोरकू कुटुंबे पीक निघाल्यावर मजुरीसाठी परगावी जातात. सोबत मुलेही जातात, आणि संघातला एखादा चपळ खेळाडू मधूनच नाहीसा होतो. तो होळीला परत आला, तर त्याची जागा त्याला मिळाली पाहिजे. मुलींचे तर खेळणेच आठवी-नववीत थांबते. अशा वेळी पालकांना नुसता उपदेश करून चालत नाही. सरावाची वेळ अंधार पडण्याआधीची हवी, आणि मुलींच्या सरावाला एखादी शिक्षिका किंवा एखाद्या खेळाडूची आई हजर हवी. विश्वास असा कृतीने मिळतो. धारणीत कोरकू, हिंदी, उर्दू, मराठी या सगळ्या भाषा कानांवर पडतात. पण 'खो' हा शब्द सर्वांना एकसारखाच कळतो. एका वस्तीचा संघ करण्यापेक्षा सर्व वस्त्यांचा संघ करणे म्हणूनच अधिक मोलाचे आहे.

काही लोक म्हणतात, "फुकट काम करणारा मिळाला, की बाकीचे हात झटकून मोकळे होतात." हे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. मैदान, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि सामन्याला जाण्याचे भाडे ही जबाबदारी शाळेची, नगरपंचायतीची आणि शासनाची आहे. स्वयंसेवकाने वेळ द्यावा. खिसाही त्यानेच रिकामा करावा, हा न्याय नव्हे. पण मागणी करायलाही कोणीतरी पुढे यावे लागते. तीस मुले रोज खेळताना दिसली, म्हणजे त्या मागणीला वजन येते.

आणखी एक गोष्ट. एकाच माणसावर चालणारा खेळ त्याची बदली झाली की बंद पडतो. अमरावतीचे मंडळ शंभराहून अधिक वर्षे टिकले, कारण एका पिढीने दुसरी पिढी तयार केली. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, हे काम मोठ्यांचे आहे असे समजू नका. नववी-दहावीतील मुलामुलींना हजेरी लिहिता येते, गुण मांडता येतात, पाचवी-सहावीच्या मुलांना खो-खोचे नियम शिकवता येतात. आठवड्यातून दोन दिवस, एक-एक तास द्या. कर्णधार एकालाच होता येते; मैदानाची सेवा मात्र प्रत्येकाला करता येते.