सोळाशे रुपये किलो टोमॅटो

गेल्या दिवाळीनंतर मी शेती सुरू केली. म्हणजे रूमच्या बाल्कनीत चार कुंड्या ठेवल्या. तुम्हीही ठेवल्या असतील, नाहीतर ठेवायच्या विचारात असाल. कारण सध्या आपल्या सगळ्यांच्या फीडवर एकच फोटो फिरतोय: पांढरी कुंडी, हिरवागार मॉन्स्टेरा, शेजारी कॉफीचा मग आणि खाली ‘प्लांट पेरेंट’. झाडं लावली की स्ट्रेस जातो म्हणे.

माझा वाढला.

पहिल्याच दिवशी मी कोकोपीटची पाच किलोची वीट अख्खी बाथरूममधल्या बादलीत भिजत घातली. ती फुगते असं पाकिटावर लिहिलेलं असतं. किती फुगते, ते आपण वाचत नाही. संध्याकाळी कोकोपीट बादलीबाहेर, मोरीत, दाराच्या फटीत. तीन बादल्या भरल्या तरी उरलंच. रूममेट माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग कोथिंबीर. डब्यातले धणे मातीत टाकले, पंधरा दिवस पाणी घातलं, काही नाही. आजीला फोन केला.

“तसेच टाकलेस का धणे? अगं, चपलेनं रगडायचे आधी. एका धण्यात दोन बिया असतात.”

“चपलेनं?”

“मग काय मिक्सरनं? पोरीला एवढं शिकवलं, काय उपयोग?”

मास कॉमच्या सिलॅबसमध्ये चप्पल नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

तिसऱ्या कुंडीत कबुतरीने दोन अंडी घातली. आता हाकलायचं तरी कसं? अडीच आठवडे ती बसून होती, नंतर पिल्लं उडेपर्यंत महिनाभर आम्ही बाल्कनीत चोरासारखं जायचो. कुंडी माझी, माती माझी आणि डोळे वटारणार ती.

राहिला टोमॅटो. त्याला फुलं आली, मी स्टेटस ठेवलं, फुलं गळून गेली. टोमॅटोच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, पण परागकण सुटायला ते फूल हलावं लागतं. शेतात ते काम वारा आणि कीटक करतात. आमच्या बंद बाल्कनीत दोन्ही नाहीत. मग रोज सकाळी मी एकेका फुलाला टिचकी मारायला लागले. समोरच्या इमारतीतले काका चहा पिता पिता बघायचे. आठवडाभराने त्यांनी खिडकीचा पडदा लावून घेतला.

कारेल चापेक हा चेक लेखक तुम्हाला ‘रोबो’ या शब्दामुळे माहीत असेल. तो शब्द १९२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या नाटकातून जगभर गेला. याच माणसाने १९२९ मध्ये बागकाम करणाऱ्याच्या बारा महिन्यांवर एक धमाल पुस्तक लिहिलं. चित्रं त्याच्या भावाची, योसेफची. त्यातला बागवान पाण्याच्या पाइपशी झटापट करतो आणि स्वतःच भिजतो. शंभर वर्षं होत आली, पण वाचताना मला आमची मोरी आठवली. ज्याने माणसासारखं काम करणाऱ्या यंत्राची कल्पना केली, तोच मातीत वाकून फजिती करून घेत होता, हे मला फार आवडलं. ‘बागकामाने संयम येतो’ असल्या कोट्सपेक्षा हे खरं वाटतं. बाग आधी आपला पोपट करते. संयम येतो की नाही, ते नंतर बघू.

इथपर्यंत हसायला काही हरकत नाही. पण माझी एक गोष्ट अडली.

शेवटी माझ्या झाडाला सात टोमॅटो लागले. वजन चारशे ग्रॅम. कुंडी, कोकोपीट, खत, बियाणं, कडुनिंबाचं तेल धरून खर्च सहाशे चाळीस रुपये. म्हणजे सोळाशे रुपये किलो. मी हसत हसत पप्पांना फोन केला. आमची जुन्नर तालुक्यात दोन एकर आहे, आम्ही टोमॅटोच करतो.

पप्पा हसले. मग म्हणाले, “तुझी मजुरी धरली नाहीस.”

नव्हतीच धरली. तीन महिने रोजची वीस मिनिटं माझ्या हिशोबात कुठेच नव्हती. त्यांच्याही वहीत आईची मजुरी कधी नसते, हे मला तेव्हा आठवलं.

२०२३ चा जुलै तुम्हाला आठवत असेल. टोमॅटो दीडशेच्या वर गेला होता आणि आपल्या प्रत्येक ग्रुपवर मीम्स होते: तिजोरीत टोमॅटो, हुंड्यात टोमॅटो. नारायणगावच्या बाजारात कोणी कोटी कमावल्याच्या बातम्या होत्या. कॉलेजात सगळे मला पार्टी मागत होते. मीही मीम्स फॉरवर्ड केले. आमचा माल तेव्हा झाडावर हिरवा होता. तो तोडायला आला सप्टेंबरमध्ये आणि तोपर्यंत किलोचा भाव एक आकडी झाला होता. वीस किलोच्या क्रेटमागे तोडणी, गाडीभाडं, हमाली गेली की हातात काय राहतं, ते तुम्हीच काढा. तेव्हा कोणी मीम केलं नाही. त्या सेमिस्टरची माझी फी मामाने भरली.

म्हणून कुंडीतल्या फजितीवर हसताना मी आता जरा थांबते. आपण हसू शकतो, कारण आपलं जेवण त्या कुंडीवर अवलंबून नाही. रोप मेलं तर आपण नर्सरीत जाऊन दुसरं आणतो. माझ्या पप्पांना पाऊस चुकला की विनोद सुचत नाही. खरं तर तोही सुचतो त्यांना, पण तो फोनवर सांगण्यासारखा नसतो.

तरीही माझं म्हणणं आहे, लावा. फक्त फोटोत छान दिसणारं नको, खाण्याचं लावा. मिरची, टोमॅटो, मेथी, काहीही. आणि एका वहीत खर्च लिहा, स्वतःची मजुरी धरून. त्यानंतर मंडईत मावशींशी पाच रुपयांसाठी घासाघीस करून बघा. मला ती जमेनाशी झाली आहे. रूममेट म्हणते, तू भाजी आणायला जाऊच नकोस, बजेट कोसळतं.

कबुतरं गेली. त्या कुंडीत परवा दुसरं टोमॅटोचं रोप लावलं (कबुतरांनी खताची सोय करून ठेवलीच होती). धणेही पेरले, या वेळी चपलेने रगडून. रोपाचा फोटो पप्पांना पाठवला. एरवी ते अंगठा पाठवतात. काल रात्री साडेदहाला मेसेज आला: “खालची पानं मातीला लागतायत. काढून टाक. करपा येईल.”