लोकसेवा, पण लोकांस न विचारतां

अलिबाग-पेणच्या खारेपाटांत 'लोकसेवा' करणाऱ्या संस्थांस आम्ही विचारतों: तुमच्या विश्वस्तमंडळांत खारेपाटांतील माणसें किती? विश्वस्त बदलला कीं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यान्वये धर्मादाय कार्यालयास कळवावें लागतें. गांवास मात्र नाहीं. प्रमुख नेमतांना उमेदवाराचें इंग्रजी पारखलें जातें. उधाणानें बांध फुटल्यावर तो धांवून येईल काय, हें कोण पारखतो?

"अडाण्यांस कारभार काय कळणार?" असा आक्षेप निघेल. १९३३ सालीं चरी येथें कुळांनीं सभा भरवून खोतांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय केला, आणि उपासमार सोसून तो सुमारें सहा वर्षें पाळला. ज्यांना हें पेललें, त्यांच्या नातवंडांस आपला चिटणीस पारखतां येणार नाहीं काय? २००८ सालीं पेण भागांतील २२ गांवांत सेझविषयीं सरकारनेंहि शेतकऱ्यांचें मत घेतलें. सरकारास सुचलें तें सेवकांस कां सुचूं नये?

देणगीदारास हिशेब हवा, हें रास्तच; पण ज्याच्या नांवावर देणगी मिळते त्याचा हक्क त्याहून मोठा. म्हणून प्रमुखाची नेमणूक कायम होण्यापूर्वीं उमेदवारानें ग्रामसभेपुढें उभें राहावें, आणि गांवाचा नकार हा नकारच मानावा. ज्यांस यांत अपमान वाटेल, त्यांनीं खुशाल मालकी करावी; तिला सेवा मात्र म्हणूं नये.