मोहाचे फूल आणि मापाचे भान

फळे दारूत मुरवून ठेवण्याचा एक छंद अलीकडे काही मराठी घरांतही शिरलेला दिसतो. परदेशी राहून आलेला मुलगा काचेच्या बरणीत आलुबुखार, संत्र्याची साल किंवा जांभळे घालतो, त्यांवर साखर पसरतो, वरून रम अथवा जिन ओततो आणि ती बरणी लोणच्याच्या बरणीशेजारी फडताळात ठेवून देतो. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र काय करावे ते उमजत नाही. रागवावे, तर मुलगा कर्तासवरता; गप्प बसावे, तर देवघर चार हातांवर. अशा प्रसंगी निषेधाचे चार शब्द बोलून मोकळे होणे सोपे असते. परंतु आम्ही ज्या जिल्ह्यात मुलांना शिकवितो, त्या आदिलाबादेत दारूचा प्रश्न इतक्या सहजासहजी मिटत नाही. म्हणून या विषयाचा थोडा मुळापासून विचार करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम तीन क्रिया वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली मुरविण्याची. येथे दारू आधीच तयार असते; फळ आपला रंग, वास आणि आंबटगोडपणा तिला देते, साखर फळातील रस ओढून घेते आणि त्या रसातील पाण्याने मूळची दारू किंचित सौम्य होते. नवी दारू येथे निर्माण होत नाही. दुसरी क्रिया आंबविण्याची. फळाच्या अथवा फुलाच्या साखरेवर किण्व वाढते आणि साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. मद्यार्काचे प्रमाण साधारण १४-१५ टक्क्यांवर गेले, की बहुतेक किण्वे स्वतःच निकामी होतात; निसर्गाने येथे एक कुंपण घातले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तिसरी क्रिया गाळण्याची. पाणी १०० अंशांवर उकळते, तर मद्यार्क सुमारे ७८ अंशांवर. आंबलेले पाणी तापवून त्याची वाफ थंड केली, की मद्यार्क अधिक आणि पाणी कमी असा द्रव हाती येतो. निसर्गाचे कुंपण माणसाने ओलांडले ते येथे.

यांपैकी पहिल्या दोन क्रिया आपल्या परंपरेला परक्या आहेत, असे कोणी समजू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ८४ आसवांची गणना आहे. त्यांत फळांची २६, मुळांची ११, फुलांची १० अशी विभागणी केलेली आढळते. फळांच्या यादीत द्राक्षे, खजूर, आवळा, जांभूळ, बोर, फणस आहेत. फुलांच्या यादीत कमळाचे नाना प्रकार आहेतच, पण त्यांच्याच पंक्तीला मधूक म्हणजे आपला मोह आणि धातकी म्हणजे धायटी बसली आहे. ही दोन्ही झाडे आमच्या रानांत आजही उभी आहेत. द्राक्षासवाची बाटली तर कित्येक सोवळ्या घरांतून निःशंकपणे नांदत आली. तिच्यात धायटीच्या फुलांच्या साहाय्याने आपोआप निर्माण झालेला मद्यार्क सामान्यतः ५ ते १० टक्के असतो, हे ठाऊक असूनही आजीबाईंनी ती चमच्याने मोजूनच घेतली. चमचा होता, म्हणून ते औषध होते.

गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून आधी उर्राक आणि पुढे फेणी गाळतात. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील काही घरांत फेणीत अनंतमुळासारखी मुळी मुरवून ठेवतात. जपानातील घरोघरी ऊमे नावाचे, जर्दाळूच्या कुळातील आंबट फळ साखरेसह दारूत मुरवितात. तेथील सरकारने १९६२ साली या घरगुती पेयाला कायद्याने मोकळीक दिली. अट अशी, की वापरायची दारू २० टक्क्यांहून कमी तीव्रतेची नसावी आणि द्राक्षे घालू नयेत. या अटींमागील हेतू चाणाक्ष आहे. बरणीत पुन्हा आंबण्याची क्रिया सुरू होऊन नवी दारू बनू नये, एवढेच तेथे पाहिले आहे. मुरविणे घराचे, बनविणे सरकारच्या परवान्याचे, अशी ती वाटणी होय.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. येथे ही वाटणी इतकी सरळ कधीच नव्हती.

फाल्गुन सरता सरता मोहाची पाने झडतात आणि चैत्रात फुलांचा सडा पडू लागतो. फुले पहाटेस गळतात. मांसल, फिकट पिवळसर आणि गोड अशी ती फुले उजाडण्यापूर्वी वेचावी लागतात, नाहीतर गुरे आणि रानातील जनावरे ती फस्त करतात. या दिवसांत आमच्या हजेरीपटावर रिकाम्या जागा वाढतात. मुले आईबापांबरोबर टोपली घेऊन झाडाखाली असतात. वेचलेली फुले उन्हात वाळली, की मनुकांसारखी तपकिरी दिसतात आणि पुढे कित्येक महिने टिकतात. पिके बुडाली त्या वर्षी हीच फुले उकडून, भाजून, पिठात मिसळून माणसे जगली आहेत. पुढे फळे येतात. त्यांच्या बियांचे तेल निघते. एवढे देणारे झाड देवासमान मानले गेले, यात नवल ते काय?

गोंड समाजात मोहाच्या दारूला जन्म, विवाह आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगी स्थान आहे. पितरांना आणि देवाला तिची धार वाहिल्यावाचून विधी पुरा होत नाही. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या दशकात याच जिल्ह्यात मुक्काम करून राजगोंडांवर ग्रंथ लिहिला, तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. मारलावाई येथे १९४३ साली गोंडी शाळाही त्यांच्याच पुढाकाराने निघाली. घरची दारू ही त्या समाजात सणाची आणि श्राद्धाची वस्तू होती. सणाला तिथी असते, श्राद्धालाही तिथी असते. त्यामुळे पिण्यालाही तिथी होती. आम्ही ज्याला मापाचे भान म्हणतो, ते येथे रूढीने सांभाळले होते. त्या काळी कोणी वाहवलेच नाही, असा आमचा दावा नाही. परंतु रोजच्या रोज पैसे मोजून दारू पिण्यास दुकान लागते, आणि दुकान रानात उगवत नाही.

दुकान आले ते अबकारीच्या वाटेने. इंग्रजी मुलखात १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला आणि १८९२ साली खुद्द मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला. फुलापासून दारू होते, म्हणून फूल बाळगण्यावरच बंधन! निजामी राजवटीतही अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. घरी गाळलेली दारू गुन्हा ठरली, ठेकेदाराच्या दुकानातील दारू महसूल ठरली. दोन्हींचा नशेचा गुण एकच. फरक होता तो पैसा कोणाच्या खिशात जातो याचा. संयम शिकविण्यासाठी हे कायदे केले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. रान, पाणी आणि जमीन यांवरील हक्क असेच एकेक करून आटत गेले, तेव्हा १९४० साली कुमरम भीम यांना याच डोंगरांत जोडेघाटापाशी झुंजावे लागले.

असे असले, तरी घरच्या भट्टीची भलावण करण्यास आम्ही धजणार नाही. गाळण्याची क्रिया अडाण्याच्या हाती घातक ठरते. धारेच्या अगदी आरंभी नको असलेले उडते अंश अधिक येतात. आपल्याकडे मात्र ‘पहिल्या धारेची’ हा कौतुकाचा शब्द होऊन बसला आहे. त्याहून भयंकर आहे ती भेसळ. कारखान्यातील मिथेनॉल स्वस्त पडते, म्हणून ते दारूत मिसळले जाते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, दृष्टी जाते आणि प्राणही जातात. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे अशाच दारूने दगावली. आमच्या तेलंगणात गुळापासून चोरून गाळलेल्या दारूला गुडुंबा म्हणतात. तिच्यात फुलाची पुण्याई नाही आणि देवाची तिथीही नाही. आहे तो केवळ धंदा.

या धंद्याविरुद्ध उभ्या राहिल्या त्या स्त्रिया. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा या गावी साक्षरता वर्ग चालत. वर्गाच्या वाचनपाठात दारूने उद्ध्वस्त झालेल्या संसाराची, सीतम्माची कथा होती. अक्षरे लावून वाचणाऱ्या बायकांना ती आपलीच कथा वाटली. १९९२ साली त्या उठल्या आणि रोशम्मा यांच्यासारख्या ग्रामीण स्त्रीचे नाव राज्यभर झाले. १ ऑक्टोबर १९९३ पासून राज्यात देशी दारूवर बंदी आली आणि जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी. महसुलाची ओढ बलवत्तर ठरून १९९७ साली ती बंदी उठली, ही गोष्ट वेगळी. धड्यातील दहा ओळी दुकानांची दारे लावू शकतात, एवढे तरी त्यातून आम्हां शिक्षकांना कळले. शेजारच्या गडचिरोलीतही लोकांच्या मागणीवरून १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५ साली झालेली बंदी मात्र २०२१ साली मागे घेण्यात आली.

आमच्या शाळेतील एका गोंड विद्यार्थ्याने मराठीच्या तासाला एकदा विचारले होते, ‘गुरुजी, मोह वाईट म्हणून पुस्तकात लिहिले आहे, मग आमच्या झाडाला ते नाव कोणी दिले?’ वर्ग हसला, तो खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या घरच्यांना बाजारात ‘मोहाची माणसे’ म्हणून हिणवीत असत, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही फळ्यावर लिहून दाखविले: मधूक, महुअ, मोह. झाडाचे नाव मधापासून आलेले आहे, मनाला भुरळ घालणाऱ्या मोहाशी त्याचे नाते केवळ उच्चारापुरते. त्या दिवसापासून तो मुलगा झाडाचे नाव मोठ्याने घेऊ लागला. शब्दाची व्युत्पत्ती परीक्षेत दोन गुणांची असते. कधी कधी तिने माणसाची मान वर होते.

आज वारे थोडे बदलले आहे. वनहक्क कायद्याने २००६ साली गौण वनोपजावरील वनवासींची मालकी मान्य केली. महाराष्ट्रानेही २०२१ साली मोहफुले वेचण्या-साठविण्यावरील जुने निर्बंध सैल केले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा म्हणून मान्यता देण्याचे धोरण आखले. आमच्या जिल्ह्यात उटनूर येथे आदिवासी स्त्रिया मोहाचे लाडू वळतात आणि ते रक्तक्षयावर उपयोगी म्हणून मुलींना देण्यात येतात. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात आदिलाबादच्या दोन बहिणींनी केलेल्या मोहाच्या पदार्थांचा उल्लेख केला, तेव्हा येथे पुष्कळांना आनंद झाला. हिणवण्याचा शब्द कौतुकाचा झाला होता.

मग बरणीचे काय करावे? बडोद्याच्या आणि सुरतेच्या वाचकांपुढे हा प्रश्नच नाही. गुजरातेत राज्य स्थापन झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. इतरत्र ज्या घरी ती बरणी आहे, तेथे आमचे सांगणे इतकेच. गाळण्याच्या नादी कोणीही लागू नये. ते बेकायदा आहे आणि जिवाशी खेळ आहे. मुरविलेले विकण्याचा विचारही करू नये. बरणीवर तारीख आणि ‘दारू’ हा शब्द स्पष्ट अक्षरांत लिहावा, कारण सरबत समजून लहान मूल ती तोंडाला लावील. घरात ज्याला या व्यसनाने एकदा गाठले आहे, असा कोणी असेल, तर ती बरणी त्या घरात नसावीच. येथे छंदाला स्थान नाही. आणि ज्याला प्यावयाची आहे, त्याने आपली तिथी आणि आपला चमचा आधी ठरवावा.

मोहाची गोडी चाखण्यासाठी तर दारूची मुळीच आवश्यकता नाही. वाळलेली फुले निवडून, आतील केसर काढून, धुऊन पुसून घ्यावीत. मंद आचेवर भाजून कुटावीत आणि भाजलेले तीळ, शेंगदाण्याचे कूट व गूळ घालून लाडू वळावेत. आदिलाबाद, किनवट, राजुरा या पट्ट्यातील आठवडी बाजारात ती फुले मिळतात. एके काळी हा सारा एकच जिल्हा होता. १९५६ साली किनवट आणि राजुरा मराठी मुलखाकडे गेले, आम्ही इकडेच राहिलो. फुले घेताना विकणारीला भावासाठी फार घासाघीस करू नये. तिने ती उजाडण्यापूर्वी, एकेक करून वेचलेली असतात.